सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काय असावे

आमची बांधकाम व्यावसायिकांची संघटना लवकरच स्थापनेची 50 वर्षे पूर्ण करीत आहे. समारंभासाठी निरनिराळ्या समित्या नेमल्या गेल्या असून स्मरणिका समितीचे काम माझ्याकडे आले आहे. मी आयुष्यभर बांधकामाच्या जागेवरच वावरलो. आधी साइट इंजिनिअर म्हणून आणि पुढे स्वतःचा लहानसा ठेकेदारीचा व्यवसाय उभा करून. या संघटनेशी माझे नाते वर्गणी भरण्यापुरते कधीच नव्हते, आणि म्हणून तिच्या सुवर्णमहोत्सवाबद्दल मनात जे आहे ते येथे सविस्तर मांडतो आहे.

स्मरणिका म्हटले की तिचे एक ठरलेले रूप डोळ्यांसमोर येते. सुरुवातीला मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, त्यानंतर आजवरच्या अध्यक्षांची छायाचित्रे, मग अधिवेशनांचे आणि अभ्यास दौऱ्यांचे फोटो, आणि उरलेल्या पानांवर सिमेंट, सळई, रंग, लिफ्ट यांच्या जाहिराती. जाहिरातींना माझा विरोध नाही, कारण छपाईचा खर्च त्यांतूनच निघतो. अध्यक्षांची छायाचित्रेही अवश्य छापावीत. आपला धंदा सांभाळून आणि प्रसंगी पदरमोड करून त्यांनी संघटनेला वेळ दिलेला आहे. परंतु स्मरणिका एवढ्यावरच संपली, तर 50 वर्षे संघटना होती इतकेच त्यातून कळेल. ती नसती तर बांधकामाच्या जागेवर काय बिघडले असते, हा प्रश्न मात्र तसाच राहील, आणि माझ्या मते अशा प्रसंगी विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे.

त्याचे उत्तर शोधायचे तर आपला व्यवसाय इतर उद्योगांपेक्षा कोठे वेगळा पडतो हे आधी पाहावे लागते. कारखान्यात यंत्रे, माणसे आणि कामाची पद्धत वर्षानुवर्षे एकाच छपराखाली नांदतात. बांधकामात प्रत्येक काम नव्या जागेवर, नव्या मातीवर, नव्या नकाशाप्रमाणे आणि बहुतेक वेळा नव्या माणसांच्या संगतीने उभे राहते. मालक, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल सल्लागार, मुख्य ठेकेदार, सेंट्रिंगची (काँक्रीट ओतण्यासाठी प्लेटांचा साचा आणि टेकू उभारणारी) टोळी, गज बांधणारे, प्लंबर, वायरमन, फरशीचे कारागीर असे सगळे वर्ष-दोन वर्षांसाठी एकत्र येतात आणि काम पुरे झाले की पांगतात. पायाच्या खड्ड्यात लागलेले पाणी कसे आवरले, कोणत्या कलमावरून वाद चिघळला, परांची का कलली, हे सारे ज्याच्या त्याच्या डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबरच निघून जाते. पुढच्या जागेवर दुसरी मंडळी तोच धडा पहिल्यापासून, आणि कित्येकदा कोणाचा तरी जीव जाऊन, शिकतात. अशा पांगणाऱ्या व्यवसायाची आठवण एका ठिकाणी जपण्याचे काम संघटनाच करू शकते. एकेका ठेकेदाराला ते जमत नाही, कारण त्याचा अनुभव त्याच्या चार-दोन कामांपुरता असतो. सरकार नियम करते, पण त्या नियमामागची हकिकत सांभाळत बसणे हे सरकारचे काम नव्हे.

अर्थात, या संघटना काही आठवणी जपण्यासाठी जन्माला आल्या नाहीत. लंडनमध्ये 1834 साली बिल्डर्स सोसायटी स्थापन झाली. आज चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग या नावाने ओळखली जाणारी संस्था तिच्यातूनच वाढली. तो काळ एकाच ठेकेदाराने सगळे काम एकहाती अंगावर घेण्याची पद्धत रुळण्याचा होता. त्याआधी मालक गवंड्याशी, सुताराशी, लोहाराशी वेगवेगळे करार करीत असे. सर्व जोखीम एका माणसाच्या शिरावर आली तेव्हा त्या माणसांना आपापसांत बसून बोलण्याची गरज वाटू लागली. अमेरिकेतील असोसिएटेड जनरल कॉन्ट्रॅक्टर्स ही संघटना 1918 सालची. पहिल्या महायुद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सरकारला बांधकाम उद्योगाशी एकत्रितपणे बोलायचे होते आणि त्या उद्योगाच्या वतीने बोलणारी देशव्यापी संस्थाच नव्हती; त्या गरजेतून ती उभी राहिली. कॅनडाची राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षातली. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया 1941 साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, लष्करी बांधकामे करणाऱ्या ठेकेदारांच्या पुढाकाराने सुरू झाली. पुढे 1956 साली मनिला येथे आशिया आणि पश्चिम पॅसिफिक भागातील ठेकेदार संघटनांचा महासंघ स्थापन झाला.

या सालांमध्ये युद्धाची वर्षे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यामागे मला एक साधे कारण दिसते. युद्धात सरकार एकाएकी सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनते, दर आणि मुदत तेच ठरवते, आणि सिमेंट-पोलादाचा पुरवठाही त्याच्याच हाती असतो. एकट्यादुकट्या ठेकेदाराला त्याच्यासमोर अटींबद्दल तोंड उघडता येत नाही. म्हणजे संघटनेचा जन्म वाटाघाटीच्या गरजेतून झाला. अनुभव साठवण्याचे काम तिच्याकडे नंतर आले, जवळजवळ न मागता आले, आणि कदाचित म्हणूनच बहुतेक संघटना त्याची नोंद नीट ठेवत नाहीत.

तो अनुभव जपणे म्हणजे नेमके काय, हे मी सेंट्रिंग खोलण्याच्या उदाहरणाने सांगतो.

स्लॅबची भरणी झाल्यावर टेकू आणि प्लेटा कधी काढायच्या, हा प्रत्येक जागेवर दर मजल्याला येणारा प्रश्न आहे. टोळीला प्लेटा वरच्या मजल्यावर हव्या असतात, त्या अडकून पडल्या की मजुरांचा दिवस फुकट जातो. मालकाला पुढचा स्लॅब पडलेला पाहायचा असतो, कारण त्याचे पैसे टप्प्यांत बांधलेले असतात. मुकादम येऊन विचारतो, "साहेब, खोलू का?" आणि समोर उभ्या असलेल्या नवख्या सुपरवायझरला त्या क्षणी उत्तर द्यावे लागते. आमच्या संघटनेने फार पूर्वी यासाठी एका पानाचा तक्ता छापला होता. कॉलमच्या बाजूच्या प्लेटांसाठी 16 ते 24 तास, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या टेकूंसाठी 7 दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबसाठी 14 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळईसाठी 14 आणि त्याहून लांब तुळईसाठी 21 दिवस, असे त्याचे रकाने होते. हा तक्ता साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला असे आणि सिमेंटच्या धुळीने पिवळा पडून गेलेला असे. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: हवेचे तापमान 15 अंशांच्या खाली जात नसेल तरच हे दिवस धरावेत आणि सिमेंट साधे पोर्टलँड असावे. वरचे आकडे सर्वांना तोंडपाठ होते. ती खालची ओळ वाचणारे थोडे.

त्या ओळीची किंमत काय असते, ते अमेरिकेतील दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. व्हर्जिनिया राज्यात बेलीज क्रॉसरोड्स येथे 2 मार्च 1973 रोजी एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्याची भरणी चालू असताना खालचे टेकू वेळेआधी काढले गेले, इमारतीचा तो भाग वरपासून खालपर्यंत कोसळला आणि 14 कामगार मृत्युमुखी पडले. पाच वर्षांनी, 27 एप्रिल 1978 रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचे काम चालू होते. तेथील परांची जमिनीवरून उभारलेली नव्हती, ती टॉवरच्या कवचालाच बोल्टने अडकवलेली होती. म्हणजे आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या थरावर माणसे, साचे आणि वर चढणाऱ्या नव्या काँक्रीटचा भार येत होता. हवा थंड होती आणि त्या थराला पुरेशी ताकद आलेली नव्हती. थर सुटला आणि त्याबरोबर संपूर्ण परांची उलगडत खाली आली. परांचीवरचे सर्वच्या सर्व, 51 जण, मृत्युमुखी पडले.

या दोन्ही दुर्घटनांची तपासणी झाल्यावर एक गोष्ट पक्की झाली की काँक्रीटचे वय दिवसांत मोजणे पुरेसे नाही. प्रयोगशाळेच्या टाकीत ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवलेला क्यूब, म्हणजे ताकद तपासण्यासाठीचा काँक्रीटचा ठोकळा, आणि रात्रीच्या गारठ्यात उघडा पडलेला स्लॅब यांची ताकद एकाच वेगाने वाढत नाही. मग काँक्रीटच्या पोटात तापमापक ठेवून तापमान आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब करण्याची पद्धत नीट बसवली गेली आणि मानके ठरवणाऱ्या एएसटीएम या अमेरिकी संस्थेने 1987 साली तिचे प्रमाण मानक प्रसिद्ध केले. आज ही पद्धत वापरणाऱ्या तरुण अभियंत्याला मोबाइलवर स्लॅबचे तापमान दिसते. त्यामागे 65 माणसांचे मृत्यू आहेत हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. त्याला ते सांगणे, आणि आपल्या तक्त्याच्या तळाशी ती बारीक ओळ का होती हेही सांगणे, यालाच मी संघटनेचे काम समजतो. तो जुना तक्ता आमच्या स्मरणिकेत जसाच्या तसा, धुळीच्या डागांसह, पूर्ण पानावर छापावा असे मी सुचवले आहे.

दुसरा मोठा विषय कराराचा आणि पैशाचा. लहान ठेकेदाराला वकील परवडत नाही. त्याच्या हाती जो कागद येतो त्यावर तो सही करतो, आणि कलमांचा अर्थ त्याला वाद उभा राहिल्यावर कळतो. म्हणून ज्याच्या प्रत्येक कलमाचा अर्थ आधीच ठरलेला आहे असा छापील, सर्वमान्य नमुना करार ही या व्यवसायातील एक मोठी सोय आहे, आणि ती संघटनांनी एकमेकांशी बसून केलेली आहे. सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिडिक, 1913 साली स्थापन झाला. त्याच्या लाल पुस्तकाची, म्हणजे बांधकामाच्या नमुना कराराची, पहिली आवृत्ती 1957 साली निघाली आणि ती तयार करताना ठेकेदारांची आंतरराष्ट्रीय संघटनाही सोबत होती. मालकाच्या बाजूचा सल्लागार आणि ठेकेदार या दोघांनी मिळून कागद लिहिला म्हणून तो टिकला.

परंतु कागद कितीही चांगला असला तरी पैसे वेळेवर येतीलच असे नाही. ठेकेदारीतील पैसा वरून खाली येतो: मालकाकडून मुख्य ठेकेदाराकडे, त्याच्याकडून उपठेकेदाराकडे, तेथून लेबर ठेकेदाराकडे आणि शेवटी मजुराकडे. वरच्याने एक महिना उशीर केला की खालच्या प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो. शिवाय प्रत्येक बिलातून बहुधा 5 टक्क्यांच्या आसपास रक्कम अनामत म्हणून कापली जाते आणि ती दोष दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत अडकून राहते. अनेक लहान ठेकेदारांचा सगळा नफा म्हणजे तेवढीच रक्कम असते. ती परत मागायला गेले की मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात नेमक्या भिंतीला भेगा दिसू लागतात, हे या धंद्यातील कोणालाही सांगायला नको.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर 1994 साली सर मायकल लॅथम यांचा अहवाल आला. त्याच्या शिफारशींतून 1996 साली कायदा झाला आणि 1998 पासून तो लागू झाला. मला वरून पैसे मिळाले की तुला देईन, अशा अर्थाचे कलम त्याने सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरवले आणि बांधकामातील वाद निवाडा करणाऱ्या त्रयस्थाकडे नेऊन त्याचा निर्णय 28 दिवसांत मिळण्याची सोय केली. काम चालू असतानाच निवाडा मिळतो, पैसे आधी चुकते होतात आणि पुढचे भांडण हवे तर न्यायालयात चालू राहते. हे मोठे पाऊल होते. तरीही त्याच देशात जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन ही प्रचंड बांधकाम कंपनी बुडाली तेव्हा तिने पुरवठादारांना 120 दिवसांच्या मुदतीने पैसे देण्याची पद्धत ठेवली होती हे चर्चेत आले, आणि हजारो लहान व्यावसायिकांची येणी तिच्याबरोबर बुडाली. कायदा झाला म्हणजे संघटनेचे काम संपले असे होत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे मला आपल्या संघटनांविषयी स्पष्ट बोलायचे आहे. व्यासपीठावर बहुधा मोठे ठेकेदार बसतात आणि लहान ठेकेदाराची थकबाकी बहुधा त्यांच्याकडेच असते. देयकांच्या विलंबावर ठराव करायचा तर तो सरकारी खात्यांच्या विरोधात एकमताने होतो. तोच ठराव आपल्या सभासदांनी आपल्या उपठेकेदारांना किती दिवसांत पैसे द्यावेत यावर आणला की सभागृहात शांतता पसरते. सुवर्णमहोत्सवी वर्षात हा दुसरा ठराव मंजूर झाला तर मला कोणत्याही सोहळ्यापेक्षा त्याचा आनंद अधिक होईल. संघटनेची ताकद तिच्या सर्वांत लहान सभासदाला किती उपयोगी पडते, हे पाहण्याची त्याहून चांगली जागा नाही.

संघटनांच्या इतिहासात झाकून ठेवलेली पानेही आहेत, आणि वर्धापनदिनाच्या लेखनात ती आली नाहीत तर बाकीच्या पानांवर कोणी विश्वास ठेवू नये. लंडनच्या बांधकाम कामगारांनी 1859 साली नऊ तासांचा कामाचा दिवस मागितला तेव्हा तेथील ठेकेदारांनी संघटना उभारून जागांचे दरवाजे बंद केले, आणि कामगार संघटनेशी संबंध ठेवणार नाही असे लिहून दिल्याखेरीज कोणालाही कामावर घेणार नाही असे जाहीर केले. हजारो कुटुंबांची उपासमार झाल्यावर पुढील वर्षी तो कागद मागे घेतला गेला. त्या लढ्याने कामगारांची एकजूट मात्र पक्की झाली. सुतारांची मोठी संघटना 1860 सालीच स्थापन झाली.

निविदांच्या बाबतीतील इतिहासही फारसा भूषणावह नाही. युरोपियन आयोगाने फेब्रुवारी 1992 मध्ये नेदरलँड्समधील बांधकाम व्यावसायिकांच्या 28 संघटनांना मिळून 2 कोटी 25 लाख एक्यू (युरोपचे त्या वेळचे हिशेबाचे चलन) इतका दंड ठोठावला, कारण निविदा भरण्याआधी ठेकेदारांच्या बैठका घेऊन काम कोणी घ्यायचे आणि दर काय लावायचा हे ठरवण्याची व्यवस्था या संघटनांनीच नियमावली करून चालवली होती. इंग्लंडमध्ये 2009 साली 103 बांधकाम कंपन्यांना निविदांमधील संगनमताबद्दल दंड झाला. त्याच वर्षी तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कन्सल्टिंग असोसिएशन नावाच्या संस्थेवर छापा घातला, तेव्हा 3,213 बांधकाम कामगारांची गुप्त नोंद सापडली. मोठमोठ्या कंपन्या वर्गणी भरून त्या यादीत नाव शोधत आणि नाव असलेल्या माणसाला काम नाकारीत. त्यांतील कित्येकांचा अपराध इतकाच होता की त्यांनी जागेवरील असुरक्षित परांचीबद्दल किंवा ॲस्बेस्टॉसबद्दल तक्रार केली होती.

ही शेवटची गोष्ट वाचून मला फार वेदना झाल्या. परांची हलते आहे असे सांगणारा माणूस हा त्या जागेवरचा सर्वांत उपयोगी माणूस असतो. संघटनेने त्याचे नाव लिहून ठेवावे ते त्याचे आभार मानण्यासाठी. त्याला उपाशी ठेवण्यासाठी जेव्हा ते लिहिले जाते, तेव्हा त्या व्यवसायाने आपले डोळे आपल्याच हाताने फोडून घेतलेले असतात.

आता नावांविषयी. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1933 ते 1937 या काळात बांधला गेला. त्या काळी मोठ्या पुलाच्या कामात दर दहा लाख डॉलरमागे एक माणूस मरणार असे ठेकेदार मंडळी गृहीत धरून चालत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी ते गृहीत धरायचे नाकारले. कडक टोप्या सक्तीच्या केल्या आणि पुलाच्या खाली संपूर्ण लांबीभर दोरखंडाची सुरक्षा जाळी बांधून घेतली. त्या जाळीमुळे 19 जण वाचले. काम संपत आले असताना, 17 फेब्रुवारी 1937 रोजी, एक हलती परांची जाळी फाडून खाली गेली आणि 10 जण गेले. त्याआधीचा एक धरून मृतांची संख्या 11 झाली. या पुलाच्या सुवर्णमहोत्सवाला, मे 1987 मध्ये, सुमारे तीन लाख लोक एकाच वेळी पुलावर चढले आणि त्यांच्या भाराने मधला उंचवटा सपाट झाला. जगभर तो प्रसंग गाजला आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो खरोखरच रोचक आहे. झुलता पूल असा वाकला तरच सुरक्षित राहतो. तरी मला त्या पुलाच्या कथेत जाळीच अधिक मोलाची वाटते, आणि मृत कामगारांची नावे तेथे फलकावर कोरलेली आहेत हेही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या काही वर्षांपूर्वीच्या अंदाजानुसार जगात बांधकामाच्या जागांवर दरवर्षी किमान 60,000 प्राणघातक अपघात होतात. म्हणजे साधारण दर नऊ मिनिटांना एक. बांधकामातील सुरक्षेसंबंधीचा तिचा पहिला करार 1937 सालचा, आणि सध्याचा, 167 क्रमांकाचा, 1988 सालचा आहे. इतक्या वर्षांत बेल्ट आले, जाळ्या आल्या, क्रेनला गजर बसले, तरी पडून मरणाऱ्यांची संख्या या व्यवसायाला शोभेल इतकी खाली आली नाही. दुसऱ्या बाजूला, लंडनच्या 2012 सालच्या ऑलिंपिकसाठी मैदाने आणि उद्यान उभारण्याचे प्रचंड काम एकही कामगार न गमावता पूर्ण झाले. मृत्यू हा बांधकामाचा अटळ खर्च नाही, हे त्याने सिद्ध केलेले आहे.

म्हणून आमच्या स्मरणिकेत एक पान असे असावे की ज्यावर गेल्या 50 वर्षांत सभासदांच्या कामांवर मृत्यू पावलेल्या कामगारांची नावे असतील. ज्या कुटुंबांची संमती मिळेल त्यांचीच छापावीत; बाकीच्यांसाठी केवळ वर्ष, काम आणि कारण. खोदकामाची बाजू ढासळली, उघड्या लिफ्टच्या खड्ड्यात पडला, ओल्या हाताने व्हायब्रेटरची वायर धरली, इतकी एक ओळही पुरे. ही सूचना मांडल्यावर समितीत दीर्घ चर्चा झाली. आनंदाच्या प्रसंगी हे कशाला, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते, आणि त्यांची भावना मी समजू शकतो. कायदेशीर जबाबदारीचा प्रश्नही काहींनी उपस्थित केला. तो खरा आहे आणि वकिलांचा सल्ला घेऊनच मजकूर ठरेल. परंतु चर्चेच्या शेवटी तेच ज्येष्ठ सभासद म्हणाले की त्यांच्या पहिल्या कामावर पडलेल्या बिगाऱ्याचे नाव त्यांना आजही आठवते, आणि ते त्यांनी सर्वांसमोर उच्चारले. ते पान आता आराखड्यात कायम झाले आहे.

कारागिरांच्या प्रशिक्षणावरही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या पिढीने ज्या गवंड्यांकडून आणि सुतारांकडून काम शिकले, ते आता थकले आहेत किंवा गेले आहेत. ओळंबा आणि पाणसळ हातात धरण्याची त्यांची रीत, हातात वाळू चोळून मातीचा अंश ओळखणे, खोऱ्यावर घसरणारे काँक्रीट पाहून पाणी जास्त झाले की नाही ते सांगणे, या गोष्टी पुस्तकात पूर्ण उतरत नाहीत. काँक्रीट किती पातळ आहे ते पाहण्याची स्लंप कोनची चाचणी आवश्यकच आहे, परंतु कोन भरण्याआधीच ज्याला उत्तर माहीत असते असा माणूस जागेवर असला तर खराब माल कॉलममध्ये जातच नाही. अशा कारागिरांच्या मुलाखती चित्रित करून ठेवण्याचे काम काही तरुण सभासदांनी अंगावर घेतले आहे, आणि सत्कारासाठी ठेवलेल्या खुर्च्यांपैकी पहिल्या ओळीतील खुर्च्या त्यांनाच द्याव्यात असे ठरले आहे.

स्मरणिकेचा आराखडा सध्या असा आहे. जुने तक्ते, परिपत्रके आणि नमुना करार मूळ स्वरूपात छापले जातील, आणि प्रत्येकाशेजारी तो का करावा लागला याची हकिकत असेल. संघटनेने चुकीच्या बाजूने घेतलेल्या भूमिकांवर एक स्वतंत्र लेख असेल. तो लिहिण्यास एक निवृत्त पदाधिकारी तयार झाले आहेत आणि तो कापला जाणार नाही असे आश्वासन त्यांना दिले गेले आहे. उपठेकेदारांना किती दिवसांत पैसे द्यावेत याविषयीचा ठराव वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. त्याचे काय होते ते सभेनंतर स्मरणिकेत जसेच्या तसे छापले जाईल, मंजूर झाला तरी आणि फेटाळला गेला तरी.

सभासदांना माझी विनंती आहे की जुन्या कामांच्या डायऱ्या, साइटवरील सूचना वह्या, अपघातांचे अहवाल आणि क्यूबच्या नोंदींची पुस्तके रद्दीत देऊ नयेत. घरातील माळ्यावर किंवा गोदामात जे काही असेल ते आहे त्या अवस्थेत समितीकडे पोहोचवावे. वाळवी लागलेली पाने वेगळी करू नयेत, पाने एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सोडवू नयेत, आणि वहीवर कामाचे नाव नसेल तर आठवत असेल तेवढे वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवावे. प्रत काढून झाल्यावर मूळ वही ज्याची त्याला परत मिळेल.